किती टक्के चालतं, सर?

पीएच.डी.चा प्रबंध टाइप होऊन आला की विद्यार्थ्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो. तो गाइडला विचारतो, ग्रंथपालाला विचारतो, आणि खरं उत्तर हवं असेल तर आधीच्या वर्षी सुटलेल्या सीनियरला गाठतो : "प्लॅगरिझम किती टक्क्यांपर्यंत चालतो?" बहुतेकांना 'दहा' असं उत्तर मिळतं. ते नियमाला धरूनच आहे. पण प्रश्नात दोन गृहीतकं दडलेली आहेत. एक, वाङ्मयचौर्य टक्क्यांत मोजता येतं. दोन, ते थोडंसं केलं तर माफ असतं. दोन्ही चुकीची आहेत. कशी, ते क्रमाने पाहू.

१. यंत्र काय मोजतं?

ग्रंथालयात तुमची फाइल ज्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतात (टर्निटिन, उरकुंड, ड्रिलबिट ही नावं कानावरून गेली असतील), ते तुमच्या मजकुराचे चार-सहा शब्दांचे लहान तुकडे पाडतं. मग प्रत्येक तुकडा ते आपल्या साठ्याशी ताडून पाहतं. या साठ्यात इंटरनेटवरची पानं असतात, जर्नलांतले लेख असतात, आधीचे प्रबंध असतात. भारतातल्या प्रबंधांचं मोठं भांडार म्हणजे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं 'शोधगंगा'. जिथे तुकडा जुळतो तिथे सॉफ्टवेअर रंग लावतं, रंगलेल्या शब्दांना एकूण शब्दांनी भागतं आणि शंभराने गुणतं. काम संपलं. हाती आला तो साम्याचा आकडा. तो मजकूर कोणी, का, कसा घेतला हे त्या यंत्राला ठाऊक नसतं.

मॉलच्या दारातला मेटल डिटेक्टर आठवा. तो किल्ल्यांना वाजतो आणि पट्ट्याच्या बकलालाही वाजतो. वाजला म्हणून कोणाला पोलिसांच्या हवाली करत नाहीत. रखवालदार पुढे होऊन खिसा पाहतो. आणि खिशात प्लास्टिकची वस्तू असेल, तर ती कितीही घातक असो, डिटेक्टर गप्पच राहतो.

आता हिशेब करू. समजा प्रबंध ६०,००० शब्दांचा आहे आणि अहवालात ९ टक्के आले. म्हणजे ५,४०० शब्द. पानाला ३०० शब्द धरले तर १८ पानं. हे शब्द प्रबंधभर विखुरलेले असतील, कुठे कायद्याचं पूर्ण नाव, कुठे संस्थेचं लांबलचक नाव, कुठे 'प्रस्तुत संशोधनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत' असलं साचेबंद वाक्य, तर त्यात वावगं काहीच नाही. पण हीच १८ पानं चौथ्या प्रकरणात सलग आणि एकाच जुन्या प्रबंधातून आलेली असतील, तर ती उघड चोरी आहे. आकडा दोन्हीकडे नऊच. उलट कायद्याच्या प्रबंधात कलमं आणि निकालपत्रांतले उतारे भरपूर असतात. त्याचा पहिला अहवाल २५ टक्के दाखवेल, अवतरणं आणि संदर्भसूची वगळल्यावर तोच एक आकडी होईल, आणि मुळात कोणी काही चोरलेलं नसेल.

म्हणून अहवालातला रंगीत मजकूर कोणीतरी बसून वाचावा लागतो. हे काम गाइडचं. प्रत्यक्षात अनेक गाइड पहिल्या पानावरचा आकडा पाहून सही करतात, आणि या प्रकरणातला निम्मा रोग त्या सहीत आहे.

२. दहाचा आकडा कुठून आला?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम काढले. तोवर प्रत्येक विद्यापीठाचा न्याय वेगळा होता, आणि पुष्कळ ठिकाणी नव्हताच. विनियमांनी चार पायऱ्या ठरवल्या. १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ, त्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर विद्यार्थ्याने जास्तीत जास्त सहा महिन्यांत प्रबंध सुधारून द्यायचा. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर प्रबंध पुन्हा सादर करण्याची बंदी. ६० च्या वर गेला तर नोंदणीच रद्द.

शिक्षकांसाठी वेगळी शिक्षा आहे. १० टक्क्यांच्या वरच्या प्रत्येक पायरीवर लेख मागे घ्यावा लागतो. ४० च्या वर गेल्यास एक वार्षिक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षं नवा संशोधक विद्यार्थी घेता येत नाही. ६० च्या वर दोन वेतनवाढी आणि तीन वर्षं.

या मोजणीतून काय वगळायचं तेही लिहिलेलं आहे : श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायदे, प्रमाण चिन्हं आणि समीकरणं. सर्वसामान्य ज्ञानातले किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दही सोडून द्यायचे आहेत. तक्रारीसाठी विभागात एक समिती आणि तिच्यावर संस्थेची समिती, अशी दोन पातळ्यांची रचना आहे.

नियम हवाच होता. पण पायऱ्या आखल्या की लोक पायरी मोजून चालतात. विद्यार्थ्याला दहाचा आकडा उद्दिष्टासारखा वाटू लागला आणि 'तुमचा रिपोर्ट दहाच्या आत आणून देऊ' असं सांगणारी दुकानं निघाली. ती नेमकं काय करतात, ते पुढच्या उदाहरणात दिसेल.

३. एका वाक्याची चार रूपं

समजा 'क्ष' या लेखिकेच्या २०१५ सालच्या पुस्तकात हे वाक्य आहे : "ठिबक सिंचनामुळे शेतातलं पाणी वाचतं, पण वाचलेल्या पाण्यावर शेतकरी ऊस वाढवतो, म्हणून गावाचा एकूण उपसा कमी होत नाही."

पहिला विद्यार्थी वाक्य जसंच्या तसं उचलतो. परिच्छेदाच्या शेवटी तो कंसात क्ष यांचं नाव टाकतो, पण अवतरणचिन्हं देत नाही. नाव दिलं म्हणजे सुटलो, असं त्याला वाटतं. पण नावामुळे क्ष यांना विचाराचं श्रेय मिळालं, शब्दांचं मिळालं नाही. वाचणारा समजणार की वाक्यरचना विद्यार्थ्याची आहे.

दुसरा लिहितो : "ठिबक जलसिंचनाने क्षेत्रातील जलाची बचत होते, परंतु बचत झालेल्या जलावर कृषक इक्षुलागवड वाढवितो, यास्तव ग्रामाचा समग्र उपसा घटत नाही." वर सांगितलेली दुकानं हेच काम करतात. यंत्र फसेल, कारण तुकडा जुळत नाही. सांगाडा मात्र क्ष यांचाच आहे, आणि जोडीला मराठीचे हाल झाले.

तिसरा खरोखर स्वतःच्या भाषेत लिहितो, पण नाव देत नाही : "ठिबक आलं तरी गावाच्या विहिरींवरचा ताण हलका होत नाही, बचत उसाकडे वळते." अहवालात शून्य टक्के. निरीक्षण मात्र दुसऱ्याचं, आणि ते करायला क्ष यांना गावोगाव हिंडावं लागलं असेल. तिघांत सर्वांत सफाईदार चोरी हीच.

चौथी विद्यार्थिनी लिहिते : "ठिबकमुळे गावाचा एकूण उपसा घटत नाही, कारण बचत उसाकडे वळते, असं क्ष (२०१५) यांनी दाखवलं आहे. जिथे ऊस नाही अशा गावांतही हे खरं ठरतं का, हे मी तपासलं." इथे क्ष यांचं कुठे संपतं आणि तिचं कुठे सुरू होतं, हे वाचकाला कळतं. श्रेय देण्याचा उद्देश तेवढाच असतो.

मग प्रत्येक वाक्याला संदर्भ द्यायचा का? नाही. 'ठिबकने पाणी वाचतं' हे त्या विषयातल्या कोणालाही माहीत असतं. ते कोणाच्या मालकीचं नाही. 'वाचलेलं पाणी उसाला जातं' हे कोणीतरी शोधून काढलेलं आहे. त्याला संदर्भ हवा. शंका असेल तर द्यावा. जास्तीच्या संदर्भाने आजवर कोणाची पदवी गेलेली नाही.

स्वतःचाच जुना लेख नव्या नावाने पुन्हा छापणं, हा याच कुळातला प्रकार. आपलंच लेखन, मग चोरी कोणाची, असा युक्तिवाद होतो. चोरी नसेल, पण एका कामाचे दोन लेख दाखवून बढतीचे गुण मिळवले, तर फसवणूक आहेच. आयोगाने २०२० साली याबद्दल स्वतंत्र सूचना काढली.

४. खरा बंदोबस्त वहीत

जर्मनीचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबर्ग यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधात उचललेला मजकूर आहे, हे फेब्रुवारी २०११ मध्ये एका कायद्याच्या प्राध्यापकाने उघड केलं. प्रबंधाच्या प्रस्तावनेचा सुरुवातीचा परिच्छेदच एका दैनिकातल्या लेखावरून घेतलेला होता. मग शेकडो स्वयंसेवकांनी मिळून प्रबंध पानापानाने तपासला. ३९३ पैकी ३७१ पानांवर उसना मजकूर सापडला, १३५ वेगवेगळ्या स्रोतांतून आलेला. बायरॉयट विद्यापीठाने पदवी काढून घेतली आणि १ मार्चला मंत्रिपद गेलं. पुढे त्यांनी खुलासा केला तो असा : वर्षानुवर्षं मजकूर चार संगणकांवर आणि ८० डिस्कवर विखुरलेला होता, त्यामुळे आपलं कोणतं आणि दुसऱ्याचं कोणतं याचा मेळ राहिला नाही. विद्यापीठाच्या चौकशी आयोगाने याआधीच निष्कर्ष काढला होता की फसवणूक हेतुपुरस्सर होती.

गुटेनबर्ग यांच्या बाबतीत तो खुलासा टिकला नाही. पण त्यात वर्णन केलेला धोका खरा आहे, आणि आपल्या मुलांपैकी बरीच त्यातच अडकतात. तीन वर्षांपूर्वी वाचताना आवडलेला उतारा वर्डच्या फाइलमध्ये पेस्ट केला; कुठला ते लिहायचं राहिलं; आज तो आपलाच वाटतो. उपाय साधा आहे आणि पहिल्या दिवसापासून करावा लागतो. वहीत किंवा फाइलमध्ये शब्दशः उतरवलेलं सगळं त्याच क्षणी अवतरणचिन्हांत घालायचं आणि शेजारी पान क्रमांक टाकायचा. स्वतःचा विचार वेगळ्या रंगात. दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं असेल, तर पुस्तक मिटायचं, मग लिहायचं, मग उघडून ताडून पाहायचं. पुस्तक उघडं ठेवून 'आपल्या शब्दांत' लिहिलं की वरच्या दुसऱ्या विद्यार्थ्यासारखं होतं.

गाइडनेही प्रबंध शेवटी एकदम न वाचता प्रकरणाप्रकरणाने वाचावा. अडखळत लिहिणाऱ्या मुलाची भाषा अकराव्या पानावर अचानक सफाईदार झाली, तर अनुभवी शिक्षकाला ते कोणत्याही सॉफ्टवेअरच्या आधी कळतं. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये २०१९ पासून 'संशोधन आणि प्रकाशन नीती' हा दोन श्रेयांकांचा विषय सक्तीचा आहे. तो मन लावून शिकवला तर याचा मोठा भाग तिथेच उरकतो.

५. यंत्र जिथे गप्प बसतं

मराठीत लिहिणाऱ्यांना हा भाग नीट कळायला हवा. इंग्रजी पुस्तकातलं प्रकरण मराठीत उतरवून आपल्या नावावर खपवलं, तर तुकडे जुळण्याचा प्रश्नच येत नाही. सॉफ्टवेअर सहसा ते ओळखत नाही. शिवाय बरेच जुने मराठी प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. पडद्यावर देवनागरी दिसते, संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची खिचडी असते. काही प्रबंध नुसत्या स्कॅन केलेल्या प्रतिमा आहेत. अशा साठ्याशी ताडून मिळालेले 'चार टक्के' कशाचीच खात्री देत नाहीत. मराठी विभागांनी या आकड्यावर विसंबणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

इंग्रजीत यंत्राला चकवण्याची कला आणखी पुढे गेली. २०२१ साली संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञानाच्या लेखांत काही चमत्कारिक शब्दप्रयोग टिपले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस', 'ब्रेस्ट कॅन्सर'च्या जागी 'बुझम पेरिल'. शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून चोरीचा मजकूर फिरवून काढला की असं होतं, आणि आपल्या 'इक्षुलागवडी'ची ही सख्खी भावंडं. काबानाक यांनी या विचित्र शब्दांवरूनच असे लेख शोधणारी यंत्रणा उभी केली.

एआयने लिहून दिलेला मजकूर तर कोणाशीच जुळत नाही. तो ओळखणारी साधनं अजून भरवशाची नाहीत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं ओळखयंत्र अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. केवळ अशा यंत्राच्या निकालावर विद्यार्थ्याला दोषी ठरवणं अन्याय आहे. त्याला समोर बसवून त्याच्या प्रकरणावर प्रश्न विचारले तर खरंखोटं लवकर कळतं.

६. साठ शब्दांचं प्रकरण

अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हेलेना वाक्सलिख्ट-रॉडबार्ड ही तरुण डॉक्टर संशोधन करत होती. विषय होता, खाणंच टाकणाऱ्या रुग्णांच्या शरीरात इन्सुलिन कसं वागतं. नोव्हेंबर १९७८ मध्ये तिने आपला पेपर 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'कडे पाठवला. कोणतंही चांगलं जर्नल लेख छापण्याआधी त्या विषयातल्या जाणकारांना गुप्तपणे वाचायला देतं. हा लेख येल विद्यापीठातल्या फिलिप फेलिग या नामांकित प्राध्यापकांकडे गेला. त्यांनी तो आपल्या हाताखालच्या सहकाऱ्याला, विजय सोमण यांना दिला. नाव वाचून आपण चपापतो खरे. दोघं स्वतः त्याच विषयावर काम करत होते. त्यांचा अभिप्राय गेला : छापू नये.

थोड्याच आठवड्यांत सोमण आणि फेलिग यांचा त्याच विषयावरचा पेपर दुसऱ्या एका जर्नलकडे पोहोचला. त्या जर्नलने तो तपासणीसाठी जेसी रॉथ यांच्याकडे धाडला. रॉथ म्हणजे रॉडबार्डचे वरिष्ठ. त्यांनी तो तिलाच वाचायला दिला, आणि त्यात तिला तिचीच वाक्यं भेटली.

उचललेला मजकूर होता जेमतेम साठेक शब्दांचा. तीन हजार शब्दांच्या लेखात हे दोन टक्के होतात. आजच्या अहवालात तो हिरव्या, म्हणजे निर्धोक, रंगात आला असता. रॉथ आणि फेलिग जुने मित्र. प्रकरण सामोपचाराने मिटावं, असं वरिष्ठांना वाटत होतं. सोमण यांनी तिच्या लेखाचा आधार घेतल्याचं कबूल केलं होतं; आणखी काय हवं? पण रॉडबार्डला वेगळीच शंका होती : येलमध्ये हा प्रयोग झाला तरी का? ती चौकशीचा आग्रह धरून राहिली. चौकशी व्हायला साधारण वर्ष गेलं. फेब्रुवारी १९८० मध्ये जेफ्री फ्लायर हे बाहेरचे डॉक्टर येलला जाऊन कागद पाहून आले. त्यांना काही तासच लागले. आकडे मुरडलेले होते. येलने पुढे बाकीचं काम तपासलं आणि दहाहून अधिक पेपर मागे घ्यावे लागले. सोमण यांनी राजीनामा दिला. फेलिग त्याच सुमारास कोलंबिया विद्यापीठात मोठ्या पदावर रुजू झाले होते; तेही त्यांना सोडावं लागलं. रॉडबार्डचा पेपर १९७९ मध्ये छापून आला, पण पुढे तिने संशोधन सोडून रुग्णसेवा पत्करली.

गुपचूप वाचायला दिलेला लेख परीक्षकानेच पळवण्याचे प्रकार तिथे थांबले नाहीत. २०१६ साली अमेरिकेतल्या टफ्ट्स वैद्यकीय केंद्रातल्या मायकेल डॅनसिंगर यांचा नाकारलेला लेख, रुग्ण तेवढे बदलून, एका परीक्षकाने आपल्या नावावर दुसरीकडे छापला. डॅनसिंगर यांनी त्याला उद्देशून लिहिलेलं खुलं पत्र मूळ जर्नलने प्रसिद्ध केलं.

७. तक्रार आल्यावर

ब्रिटनमधल्या वैद्यकीय संपादकांनी १९९७ मध्ये सुरू केलेली 'कोप' ही संस्था आज जगभरच्या जर्नलांना याबाबत वाट दाखवते. तिची पद्धत थोडक्यात अशी. संपादक आधी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पाहतो. मोठा उतारा किंवा माहिती उचललेली असेल, तर लेखकाला पुराव्यासह खुलासा मागतो. खुलासा पटला नाही, तर न छापलेला लेख नाकारतो, छापलेला मागे घेतो आणि लेखकाच्या संस्थेला कळवतो. पण परकी भाषेत लिहिणाऱ्याने इकडचीतिकडची चार वाक्यं उचलली असतील आणि निष्कर्ष त्याचेच असतील, तर वाक्यं बदलायला व संदर्भ द्यायला सांगतो. हा फरक मला फार शहाणपणाचा वाटतो. रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव आणि सहकाऱ्यांच्या 'ॲडव्हान्स्ड मटेरियल्स' या जर्नलमधल्या २०११ सालच्या लेखात प्रास्ताविकातली काही वाक्यं दुसऱ्या लेखातली निघाली. लेखकांनी जर्नलमध्ये जाहीर माफी मागितली. लेख मात्र कायम राहिला.

मागे घेतलेला लेख पुसून टाकत नाहीत. तो 'रिट्रॅक्टेड' अशा ठळक शिक्क्यासह जागच्या जागी राहतो आणि कारण सांगणारी नोंद कोणालाही फुकट वाचता येते. पुसला, तर त्याचा आधार घेणाऱ्यांना काही कळणारच नाही.

आणि तुमचाच मजकूर कोणी उचलला असेल तर? फेसबुकवर नाव घेऊन झोडपायच्या आधी आपल्या लेखाच्या तारखेचा पुरावा काढा : जर्नलची पोच, गाइडला पाठवलेला ईमेल, शोधगंगावरची नोंद. दोन रकान्यांचा तक्ता करा; डावीकडे तुमचा मजकूर, उजवीकडे त्यांचा, प्रत्येक ओळीला पान क्रमांक. विशेषणं टाळा. तक्ता त्यांचा लेख छापणाऱ्या जर्नलच्या संपादकाला आणि त्या लेखकाच्या विद्यापीठाला एकाच दिवशी पाठवा. उत्तर आलं नाही, तर महिन्याने तोच तक्ता पुन्हा पाठवा, आणि या वेळी प्रकाशकालाही प्रत द्या.